बावन्नातले दोन

माझ्या अकादमीच्या पाटीवर मोठा असा एकच आकडा आहे, बावन्न. त्याखाली बारीक अक्षरांत माझं नाव. नागपुरात नव्यानं आलेल्या माणसाला तो पत्त्यांचा क्लब वाटतो. पण ज्याला बास्केटबॉलचं थोडंफार वेड आहे, त्याला काही सांगावं लागत नाही. २०३१ साली व्यावसायिक महिला लीगच्या तिसऱ्या हंगामात, अंतिम सामन्यात, मी कोल्हापूरविरुद्ध एकटीनं बावन्न गुण केले. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रानं ‘बावनकशी केतकी’ असा मथळा दिला आणि तेव्हापासून माझं निखाडे हे आडनाव फक्त बँकेत उरलं. भाजीवालासुद्धा ‘बावनकशी मॅडम, मेथी घ्या’ म्हणतो. बारा वर्षं विक्रम जागचा हलला नाही.

मी गर्विष्ठ आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढं कुणाची फसवणूक नको. त्या सामन्याची गोष्ट मी शाळा-कॉलेजांतून तीनशे-चारशे वेळा तरी सांगितली असेल. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं पाठ. शेवटच्या दोन गुणांपाशी आले की उजवा हात वर करून म्हणायचे, “चेंडू या तीन बोटांना लागला. अजून जाणवतो.” मुली माझ्या बोटांकडे बघायच्या. मीही बघायचे.

तो शेवट असा होता. चार सेकंद उरलेली, आम्ही एका गुणानं मागं. माझे पन्नास झालेले. एका सामन्यातला तेव्हाचा विक्रम एक्कावन्नचा होता. तो कोल्हापूरच्या आसावरी चौगुलेचा, आणि नेमकी तीच माझ्यासमोर बचावाला उभी होती. मी उजवीकडून घुसले, उडी मारली, चेंडू सोडला. तो रिंगवर आपटून बाहेर आला. मग तिघींनी एकदम उड्या मारल्या : मी, आसावरी आणि आमच्या संघाची दीक्षा रामटेके. कुणाच्या तरी बोटांनी चेंडू पुन्हा वर गेला, रिंगवर घुटमळला आणि जाळीतून खाली आला. हूटर वाजला. आम्ही जिंकलो. पण दीक्षा आसावरीच्या पायावर पडली आणि तिच्या गुडघ्याचा आवाज मला त्या गोंगाटातही ऐकू आला.

आता बास्केट कुणाच्या नावावर मांडायची? आमच्या नागपूरच्या मैदानांवर जुनी पद्धत आहे. गर्दीत बास्केट झाली की गुण लिहिणारा अंदाज करत नाही. पेन वर धरतो आणि ओरडतो, “हात कोनाचा?” जिची बास्केट, तिनं हात वर करायचा. यात खोटं बोललेली मुलगी मी पाहिलेली नाही, कारण खोटं बोलणारीला दुसऱ्या दिवसापासून कुणी पास देत नाही. लीग आली, छापील नियम आले, तरी आमच्या गुण लिहायच्या टेबलावरचे चापले काका हेच विचारायचे. त्या दिवशीही त्यांनी विचारलं. दीक्षानं एका हातानं गुडघा धरला होता. दुसऱ्या हाताचं बोट तिनं माझ्याकडे केलं. मी हात वर केला. काकांनी लिहिलं : निखाडे, दोन.

त्या सामन्याअखेर दीक्षाचे लीगमधले एकूण गुण नऊशे अठ्ठ्याण्णव होते. हजारापर्यंत तोवर कुणीच पोचलं नव्हतं. पुढच्या हंगामात पहिल्याच मिनिटाला दोन होतील, असं तिला दवाखान्यात भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, मीसुद्धा. गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया झाल्या. पुढचा हंगाम तिच्या वाट्याला आलाच नाही. लीगची पहिली हजारी आसावरी झाली. लीगच्या पुण्याच्या कार्यालयात हजारी खेळाडूंची नावं भिंतीवर कोरलेली आहेत, तिथं सगळ्यांत वर तिचं नाव आहे.

दीक्षा भंडाऱ्याला एका शाळेत क्रीडाशिक्षिका झाली. आधी तिचे फोन कमी झाले, मग बंद झाले. अकादमीच्या उद्घाटनाला बोलावलं, आली नाही. मला वाटलं, माझ्याकडे पाहून तिला सुटलेला खेळ आठवत असेल. म्हणून मी समजूतदारपणे लांब राहिले. समजूतदारपणा ही फार सोयीची गोष्ट आहे, त्यात काहीच करावं लागत नाही.

*

२०४३ हा लीगचा पंधरावा हंगाम. त्यानिमित्तानं सगळे जुने विक्रम नव्या यंत्राकडून तपासून घ्यायचं ठरलं. यंत्राचं अधिकृत नाव लांबलचक आहे, लोक त्याला ‘साक्षीदार’ म्हणतात. वर्षभरात त्यानं बरीच उलथापालथ केली होती. सोलापूरच्या एका खेळाडूचे नऊ थ्री-पॉइंटर दोन-दोनचे झाले, कारण तिच्या बुटाचं टोक रेषेवर होतं. ती तेव्हापासून कुणाचा फोन घेत नाही. उलट नाशिकच्या एका बापाला कळलं की त्याच्या वारलेल्या मुलीच्या नावावर सतरा असिस्ट, म्हणजे बास्केट घडवणारे पास, वाढले. तो पेढे घेऊन कार्यालयात आला आणि शिपायापासून सगळ्यांच्या पाया पडू लागला. म्हणजे यंत्र वाईटच आहे असं म्हणायची सोय नव्हती.

मला पत्र आलं तेव्हा मी बेफिकीर होते. पुण्याला गेले ती चांगली साडी नेसून, फोटोबिटो काढतील म्हणून.

साक्षीदाराचं काम बघणाऱ्या डॉ. शमा तांबोळी मूळच्या सांगलीच्या, भौतिकशास्त्राच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, चष्मा डोक्यावर. आयुष्यात त्यांनी चेंडू हातात घेतला नसावा, हे त्यांनी टेबलावरचा चेंडू उचलला त्यावरूनच कळलं. कलिंगड धरावं तसा धरला होता.

“केतकीताई, चेंडूवरच्या या काळ्या शिवणी बघा,” त्या म्हणाल्या. “चेंडू हवेत फिरत असला की शिवणींवरून कळतं, तो कोणत्या आसाभोवती फिरतोय आणि किती वेगानं. आता गंमत अशी, की हवेत असताना ही फिरकी आपली आपण बदलत नाही. हवा थोडी मंद करते, तेवढंच. आस अचानक बदलली, तर समजायचं की त्याला काहीतरी लागलं. रिंग, बोर्ड, नाहीतर बोट. नखाएवढा स्पर्शसुद्धा फिरकीत उतरतो.”

“पण एवढं दिसतं कुठं?” मी म्हणाले. “तेव्हाचे मोबाइल सेकंदाला तीस चित्रं घ्यायचे. बोट लागतं ते डोळ्याचं पातं लवायच्या आत.”

“बरोबर. एका मोबाइलवर दिसत नाही. पण तुमच्या सामन्याची प्रेक्षकांनी काढलेली सत्तावीस चित्रणं आम्हाला मिळाली. ते सत्तावीस मोबाइल काही एका क्षणी चित्र टिपत नव्हते. एक थोडा आधी, दुसरा किंचित नंतर. सगळ्यांची चित्रं वेळेच्या क्रमानं एका माळेत ओवली की सेकंदाला आठशे होतात.”

“वेळ कशी जुळवता?”

“आवाजावरून. चेंडू जमिनीवर आपटला की तो आवाज पुढच्या रांगेतल्या मोबाइलला आधी पोचतो, मागच्याला नंतर. त्या फरकावरून कोण कुठं बसलं होतं तेही कळतं आणि घड्याळंही जुळतात.” बाईंना हे सांगताना एवढा आनंद होत होता की मलाही छान वाटायला लागलं. मी म्हणाले, “अमेरिकेत १९६२ साली विल्ट चेंबरलेननं एका सामन्यात शंभर गुण केले. तोही विक्रम तपासा की.”

“त्या सामन्याचं चित्रीकरणच नाही हो. शेवटच्या भागाचं रेडिओवरचं वर्णन तेवढं आहे. तिथं आमचा साक्षीदार आंधळा.”

भाग्यवान माणूस, असं पुढच्या पाच मिनिटांत मला फार मनापासून वाटलं.

त्यांनी पडद्यावर तो क्षण लावला. आम्ही तिघी राखाडी बाहुल्यांसारख्या हवेत थांबलेल्या. चेंडू रिंगवरून सुटला होता. डॉ. तांबोळी एकेक चित्र पुढं नेत गेल्या. एका हातापाशी चेंडूची आस कलंडली. तो हात माझा नव्हता.

“हा दीक्षाताईंचा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “तुमचं बोट आणि चेंडू यांच्यात तीन सेंटिमीटर अंतर आहे.”

“चूक आहे,” मी म्हणाले. “माझ्या बोटांना लागलं होतं. मला आठवतंय ना! अजून जाणवतं मला ते.”

“लागलं होतं.” त्यांनी चित्र जवळ आणलं. “तुमची आठवण खोटी नाही. हे बघा, तुमची तीन बोटं. लागली आहेत ती दीक्षाताईंच्या मनगटाला.”

चहा आला होता, तो निवला.

मग त्यांनी नियम समजावला. निष्कर्ष अठ्ठ्याऐंशी टक्के खात्रीचा होता. आसावरीचा दंड मध्ये आल्यामुळे दोन चित्रांत चेंडू झाकला गेला होता. पंच्याण्णवच्या खाली खात्री असेल तर यंत्र एकटं निकाल देत नाही. दोन्ही खेळाडूंनी लेखी जबाब द्यायचे. जबाब जुळले तर ते सांगतील ते खरं. जुळले नाहीत तर जुनी नोंद तशीच राहते. नोंद बदलली तर माझे पन्नास होणार होते, एका सामन्याचा विक्रम पुन्हा आसावरीकडे जाणार होता, आणि दीक्षाचे बरोबर हजार. तेही आसावरीच्या आधी. म्हणजे लीगच्या इतिहासातली पहिली हजारी दीक्षा रामटेके.

“दीक्षाताईंचा जबाब गेल्या आठवड्यातच आलाय,” डॉ. तांबोळी म्हणाल्या आणि एक कागद पुढं केला.

अक्षर मी लगेच ओळखलं. ‘ती बास्केट केतकी निखाडे हिची होती. माझा हात चेंडूला लागला नाही.’ खाली सही.

“तुम्हीही असंच लिहिलंत तर प्रकरण इथंच मिटतं,” त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

*

कोरा जबाब घेऊन मी नागपूरला आले. तो कागद दोन दिवस ओट्यावर, तांदळाच्या डब्याखाली होता. खोटं कशाला सांगू, मी पेन काढून बसलेसुद्धा. दीक्षा स्वतःच सांगतेय ना? यंत्रालाही शंभर टक्के खात्री नाही ना? उरलेल्या बारा टक्क्यांत माणूस उरलेलं आयुष्य आरामात काढू शकतो.

दुसऱ्या दिवशी आसावरीचा फोन आला. आमचा फोन वर्षातून एकदा, दिवाळीला. तिलाही पत्र गेलं होतं.

“काय गं केतकी, माझं एक काढून घेऊन दुसरं द्यायला लागलीत म्हणं ही लोकं?” ती हसत म्हणाली. “भिंतीवरनं खाली उतरायचं आणि तुझ्या पाटीवर चढायचं, असं हाय का?”

“तुला काय पाहिजे?” मी विचारलं.

“मला विचारू नकोस बाई. ती माझ्या पायावर पडली. मी मुद्दाम पाय घातला न्हाई, सगळ्यास्नी ठाऊक हाय. पण बारा वर्षं झाली, रोज एकदा तरी त्यो आवाज ऐकू येतोय. पहिली म्हणून भिंतीवर माझं नाव बघितलं की मला अवघडल्यागत हुतंय बघ. तिचं असलं तर तिला जाऊ दे. मला झोप लागंल.” मग म्हणाली, “तू लिही तुला काय लिहायचं ते. मी कुणाला काय बोलणार न्हाई.”

त्याच संध्याकाळी अकादमीत नव्या मुलींची तुकडी आली. दरवर्षीप्रमाणे त्यांनी गोष्ट सांगायचा हट्ट धरला. मी सुरुवात केली. चार सेकंद, एक गुण, आसावरी, रिंग. मग सवयीनं उजवा हात वर केला आणि माझ्या बोटांना मनगट जाणवलं. घामानं ओलं, हाडाचं मनगट. मी तशीच उभी राहिले. मुलींना वाटलं, मॅडम नेहमीप्रमाणे ताणून धरताहेत. मी म्हणाले, “बाकीची पुढच्या आठवड्यात,” आणि त्यांना पळायला लावलं.

कागद घेऊन सकाळीच भंडाऱ्याची बस धरली.

*

शाळेचं मैदान तळ्याच्या बाजूला होतं. सिमेंटचं कोर्ट, एका बाजूची जाळी फाटलेली. दहा-अकरा मुली ले-अपचा, पळत येऊन उडीत बास्केट टाकायचा, सराव करत होत्या आणि मध्ये गळ्यात शिटी घातलेली दीक्षा उभी होती. केस निम्मे पिकलेले. उजव्या पायावर भार न देता उभं राहायची सवय तिच्या अंगात मुरली होती. मला पाहून ती चकित झाली नाही. मुलींना म्हणाली, “चालू ठेवा,” आणि कडुनिंबाखालच्या बाकावर येऊन बसली.

“वाट चुकली काय वं?” तिनं विचारलं.

“तुले भेटायले आली.”

“कागदासाठी आली. मी लिहून पाठवला ना माहा? आता काय राह्यलं?”

“खोटं लिहिलं तू.”

“बरं मग?” ती म्हणाली. “मशीन म्हनते अठ्ठ्याऐंशी टक्के. बाकीचे बारा तुले कमी पडून राह्यले काय?”

“दीक्षा, बास्केट तुही होती. तुहे हजार झाले होते त्या दिवशी. मी तसंच लिहिणार आहे. पण तुहा जबाब बदलला नाही, तर माह्या एकटीच्या लिहिण्यानं काही होत नाही. बदल तो.”

“नाही बदलत.”

“काहून?”

“दिलेलं परत घेत नसते कोनी.” आता तिचा आवाज चढला. पलीकडे एक-दोन मुली थबकल्या, तिनं शिटीकडे हात नेताच पळायला लागल्या. “पडल्या पडल्या समजलं होतं मले, गुडघा गेला म्हनून. कळ इथून तिथून मारून राह्यली होती. तरी डोक्यात काय होतं सांगू? हिचे पन्नास झाले. असा दिवस हिले पुन्हा नाही भेटत. माहे दोन काय, कधीही होतीन. म्हनून बोट दाखवलं. कोनी जबरदस्ती केली नव्हती. आता बारा वर्षांनी तू येऊन म्हनते, परत घे? तू कोन वं परत करनारी?”

“पण मले माहीतच नव्हतं ना!” मी ओरडले.

“काय माहीत नव्हतं?”

“की हात तुहा लागला. मले वाटलं माहाच. परवा पुण्याले गेली तेव्हा कळलं. तोवर मी सगळ्या जगाले सांगत होती, माह्या बोटाले लागला म्हणून. तुहं मनगट होतं ते.”

दीक्षा माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग होता, तो हळूहळू गेला आणि त्या जागी काय आलं हे मला सांगता येणार नाही. तिनं बाकाची कड घट्ट धरली.

“तुले माहीत नव्हतं?”

“नाही.”

“खरं सांग.”

“शप्पथ.”

“मले वाटलं तुले माहीत आहे,” ती म्हणाली. आवाज इतका खाली गेला की मला वाकून ऐकावं लागलं. “मी बोट दाखवलं. तू माह्याकडे पाह्यलं, अन् मग हात वर केला. मी म्हटलं, घेतलं हिनं. बरं केलं. मग दवाखान्यात तू रोज येत होती. मोसंबी सोलून देत होती. मी वाट पाहत होती, आता बोलन, आता बोलन. एक थँक्यू म्हनायले काय लागते? तू म्हने, पुढच्या सीझनमध्ये होतीन तुहे दोन. मले वाटलं, कशी पोट्टी आहे ही. त्यानंतर मी तुहा फोन घेनं बंद केला. बारा वर्षं मी तुह्यावर चिडून होती, केतू.”

बारा वर्षं या बाईला वाटत होतं की मी डोळे उघडे ठेवून तिचे दोन गुण घेतले, त्यांच्यावर पाटी लावली, गावोगावी भाषणं ठोकली आणि तिला साधं ‘थँक्यू’ म्हणाले नाही. आणि एवढं सगळं मनात असताना यंत्रानं विचारल्यावर तिनं लिहून दिलं, की बास्केट केतकीची.

“मग तरी तू तो जबाब लिहिला?” मी कसंबसं विचारलं.

“मंग?” ती म्हणाली. “बोट तर मीच दाखवलं होतं ना.”

मी तिचा हात धरला आणि म्हणाले, “थँक्यू.” बारा वर्षं उशिरा आलेला तो शब्द फार लहान वाटला, म्हणून आणखी बोलत राहिले. अकादमीतून आजवर एकशे चाळीस मुली गेल्या, त्यांतल्या सहा लीगमध्ये खेळतात, माझं घर, माझं नाव, भाजीवाल्याचं ‘बावनकशी मॅडम’, सगळं तिच्या दोन गुणांवर उभं आहे, असं काहीबाही मी सांगत होते आणि नाक ओढत होते.

“पुरे वं,” ती म्हणाली. “पन्नास तर तुहेच होते. ते काही मी नव्हते टाकले.”

“मग आता एवढं कर माह्यासाठी. दिलेलं परत घे म्हणत नाही मी. ते भेटलं मले, बारा वर्षं वापरलं मी. आता खरं काय ते लिही फक्त. मले पोट्ट्यांसमोर हात वर नाही करता येत, दीक्षा. काल करून पाह्यला. नाही होत.”

ती कोर्टाकडे वळली. एका मुलीचा ले-अप चुकला, तिनं बसल्या जागेवरून “डावा पाय आधी!” म्हणून सांगितलं. मग माझ्यासमोर हात पसरला. मी पर्समधून एक कोरा कागद काढून दिला. तिनं मांडीवर हजेरीपट ठेवून त्यावर लिहिलं, ‘बास्केट माझी होती.’ सही केली. मग पुण्याहून आणलेल्या कोऱ्या जबाबावर मी तिच्याच पेनानं माझा जबाब लिहिला. दोन्ही कागद घडी करून पर्समध्ये ठेवले.

“तुले सांगू?” ती म्हणाली. “कोनी म्हटलं ना, एक आकडा मनात धर, की मले नऊशे अठ्ठ्याण्णवच येते. भाजीच्या भावात येते, बसच्या नंबरात येते. कोनाले सांगितलं नाही कधी.”

“आता हजार,” मी म्हणाले.

“परत म्हन.”

“एक हजार. पहिली हजारी. आसावरीच्या आधी.”

ती रडली. अगदी थोडं, पण रडली. मग पदरानं तोंड पुसून तिनं शिटी वाजवली. “या वं पोट्ट्याहो, इकडे! ह्या केतकी मॅडम आहेत, बावन्नवाल्या. एक मॅच सांगनार आहेत तुम्हाले. नीट ऐका.”

मुली घामेजलेल्या तशाच येऊन जमिनीवर बसल्या. आणि मी ती गोष्ट सांगितली. ही गोष्ट सांगताना माझी जीभ कधी अडखळत नाही, पण त्या दुपारी अडखळली, कारण पाठ असलेलं सगळं निरुपयोगी झालं होतं. चेंडू माझ्या हातून सुटला, रिंगवर आपटला. तिघींनी उड्या मारल्या. सगळ्यांत वर दीक्षा मॅडमचा हात होता. त्यांनी बास्केट केली, आपल्या नऊशे अठ्ठ्याण्णवाचे हजार केले, खाली पडल्या, आणि पडल्या पडल्या ती मला देऊन टाकली. मुली एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्या मॅडमकडे बघत होत्या. त्यांना मॅडम फक्त लंगडताना माहीत होत्या.

“मंग तुमचे पन्नासच झाले?” पुढं बसलेल्या एकीनं मला विचारलं.

“पन्नासच,” मी म्हणाले.

“वाईट नाही वाटत?”

मी उत्तर द्यायच्या आत दीक्षा म्हणाली, “थांब. आधी तू मले सांग, हिचा शॉट सरळ गेला असता तर काय झालं असतं?”

मुलीनं बोटांवर मांडून पाहिलं. “तर यांचे खरोखरचे बावन्न झाले असते. अन् तुमचे नऊशे अठ्ठ्याण्णवच राह्यले असते, मॅडम.”

“मंग!” दीक्षा म्हणाली. ती माझ्या खांद्याला धरून बाकावरून उठली आणि सगळ्या मुलींसमोर माझ्याकडे तोंड करून, अगदी गंभीरपणे म्हणाली, “केतू, तू हुकली म्हनून माहे हजार झाले. थँक्यू वं.”

मुली खो खो हसल्या. मीही हसले, आणि मग त्यांच्यासमोरच तिच्या गळ्यात पडून रडले.